दिसायलंय की, मॅडम!

'सिद्ध करा' या दोन शब्दांनी सोलापूरच्या पूर्व भागातला वर्ग जसा गारठतो, तसा गड्ड्याच्या यात्रेतल्या जानेवारीच्या थंडीनेही गारठत नाही. फळ्यावर समद्विभुज त्रिकोण असतो, दोन बाजूंवर सारख्या खुणा असतात आणि खाली लिहिलेलं असतं : पायाचे कोन समान आहेत हे सिद्ध करा. वर्ग एकदा त्रिकोणाकडे बघतो, एकदा माझ्याकडे बघतो. मग कुणीतरी अतिशय सहानुभूतीने म्हणतं, "दिसायलंय की, मॅडम!"

सूर असा, की बिचारीला मोतीबिंदू झाला असावा.

या आक्षेपाला तुच्छ लेखू नये. त्याची परंपरा मोठी आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे युक्लिडने पहिल्या पुस्तकातल्या विसाव्या प्रमेयात रीतसर सिद्ध केलं. त्यावर ग्रीसमधल्या एपिक्युरसपंथीयांनी त्याची टर उडवली, की हे तर गाढवालाही ठाऊक असतं. समोर गवत ठेवा, ते सरळ चालत जाईल, दोन बाजू फिरून जाणार नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने हा किस्सा नोंदवून ठेवलाय आणि त्याला गंभीरपणे उत्तरही दिलंय : ठाऊक असणं वेगळं, का ते सांगता येणं वेगळं. शाळेचं मैदान तिरकं ओलांडून घंटेनंतर वर्गात घुसणाऱ्या आमच्या मुलांनाही विसावं प्रमेय ठाऊक असतंच. ती फक्त ते सिद्ध करायला उभी राहत नाहीत, कारण तोवर हजेरी होऊन जाते.

'दिसायलंय' वर माझ्याकडे एक तात्पुरता उतारा आहे. म्युलर-लायर नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन रेघा मी फळ्यावर काढते. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर वळलेले. लांब कुठली? सगळा वर्ग एकमुखाने बाहेरच्या बाणांची म्हणतो. मग पट्टी लावायची. दोन्ही सारख्या. वर्ग चूप. पण हा उतारा एका तासापुरताच टिकतो. दुसऱ्या दिवशी मुलं म्हणतात, मग प्रत्येक वेळी पट्टीच लावू या की, सिद्ध कशाला करायचं?

ही झाली सगळ्यांची समाईक अडचण. आता ज्याची त्याची वेगळी.

आमच्या वर्गाचं माध्यम मराठी. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी. म्हणजे बऱ्याच जणांना 'एकरूप' आणि 'समरूप' हे दोन शब्द एकाच अनोळखी गावाहून आलेले जुळे भाऊ वाटतात. एका मुलाला फार कमी दिसतं. फळ्यावरचा त्रिकोण त्याच्यापर्यंत पोचतो तो पांढरट धुक्यासारखा. एकाला बसवत नाही. 'बसवत नाही' हे मी कौतुकाने म्हणते आहे, कारण उभ्याने तो बरंच शिकतो. एकाची अक्षरं आणि अंक जागा बदलतात, सहाचा नऊ होतो, 'कमल'चं 'कलम' होतं. आणि एक मुलगी अशी, की तिला पुस्तकातली सगळी प्रमेयं पाठ आहेत. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, स्वल्पविरामासकट. पण त्रिकोण 'अबक'ऐवजी 'पफम' केला, किंवा नुसता कुशीवर झोपवला, की तिचे डोळे भरून येतात. वर्गातल्या साऱ्यांत काळजी करावी अशी तीच. पण तिला कुठलंच प्रमाणपत्र मिळत नाही. उलट दरवर्षी बक्षीस मिळतं.

हॉलंडमध्ये एक शिक्षक जोडपं होऊन गेलं, पियर आणि डीना व्हॅन हिले. दोघांनी १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात आपापले प्रबंध सादर केले, विषय हाच : शाळेतल्या मुलांना भूमिती का समजत नाही? त्यांचं म्हणणं असं, की भूमितीची समज पाच पायऱ्यांनी चढते. पहिल्या पायरीवर मूल नुसती आकृती ओळखतं. हा चौरस, कारण तो चौरसासारखा दिसतो. दुसरीवर त्याला गुणधर्म दिसतात. तिसरीवर एका गुणधर्मातून दुसरा निघतो हे लक्षात येतं. सिद्धता चौथ्या पायरीवर बसलेली आहे, आणि पाचवी बहुधा विद्यापीठातल्या लोकांसाठी राखीव आहे. गंमत पुढे आहे. दोन वेगळ्या पायऱ्यांवरची माणसं एकच शब्द वापरतात आणि त्यांना एकमेकांचं काहीही कळत नाही. मी चौथीवरून 'चौरस' म्हणते, मूल पहिलीवरून 'चौरस' ऐकतं, आणि दोघांनाही वाटतं, की समोरचा मुद्दाम छळतोय.

हे वाचल्यावर मला घरातल्या काही संभाषणांचाही उलगडा झाला. पण तो विषय वेगळा.

पायरी चढवायची तर आधी मूल जिथे उभं आहे तिथे उतरावं लागतं. त्यासाठी मी सायकलच्या दुकानातून वॉल्व्ह ट्यूब आणते. अरविंद गुप्तांनी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमाच्या दिवसांत आगकाड्या आणि वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करण्याची जी युक्ती काढली, ती खराट्याच्या काड्यांनाही चालते. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो लगेच कलंडतो. ज्या मुलाला कमी दिसतं त्याच्या बोटांना हे सगळ्यांच्या आधी कळतं. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरलाच, त्याला दुसरं रूप घ्यायला जागाच नाही. म्हणून बाबाबा, म्हणजे बाजू-बाजू-बाजू.

आमच्या पुस्तकांतल्या एकरूपतेच्या कसोट्यांची ही नावं ज्याने ठेवली त्याला माझा नमस्कार. बाजू-कोन-बाजू म्हणजे बाकोबा. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा यांच्या पंगतीत हा देव अगदी बेमालूम खपून जातो. पेपरात अडलं, की मुलं त्याचा धावा करतात. कारणाच्या रकान्यात काहीच सुचलं नाही तर 'बाकोबा' लिहून येतात आणि गुण प्रसादासारखे पडतील अशी वाट बघतात. यातूनच दरवर्षी एक नवा देव जन्माला येतो : बाबाको. दोन बाजू आणि भलताच कोन. पुस्तकात तो नाही, पण नसण्याचं कारण सांगून कुणालाही पटत नाही.

ते पटवलं, ज्याला बसवत नाही त्याने. फरशीवर खडूने एक सरळ रेघ मारली, तिच्या एका टोकाशी कोन करून लांब काठी तिरकी ठेवली. काठीच्या वरच्या टोकाला दोरीने एक छोटी काठी बांधली आणि त्याला सांगितलं, ही फिरव आणि रेघेला कुठे टेकते ते बघ. त्याने फिरवली. टेकली. त्रिकोण झाला. दुसऱ्या कुणीही तिथे थांबून हात झटकले असते. पण थांबणं हा त्याचा स्वभाव नाही. त्याने फिरवणं चालूच ठेवलं आणि काठी पुढे जाऊन रेघेला पुन्हा टेकली. "मॅडम, ही दोन ठिकाणी टेकायली!" त्याच दोन बाजू, तोच कोन आणि दोन निराळे त्रिकोण. बाबाकोचं देऊळ त्या दिवशी पडलं. ज्या चुळबुळीबद्दल त्याच्या वहीत शेरे येतात, त्याच चुळबुळीने पाडलं.

आता तो समद्विभुज त्रिकोण. पुस्तक सांगतं, शिरोबिंदूच्या कोनाचा दुभाजक काढा, म्हणजे दोन त्रिकोण होतील, ते एकरूप दाखवा. ठीक आहे. ज्याची अक्षरं जागा बदलतात, त्या मुलाने कागदाचा त्रिकोण कापून घेतला होता. दुभाजक वगैरे न काढता त्याने तो सरळ उलटा केला आणि त्याच खाचेत परत बसवला. "हा अबक, हा अकब. दोन्ही एकच." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "अबच्या जागी अक आली. दोन्ही सारख्या. अकच्या जागी अब आली, त्याबी सारख्या. मधला कोन तर तोच हाय." बाजू, कोन, बाजू. मग ब च्या जागी क आलाच की.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात पापस नावाचा गणिती होता. त्याची सिद्धता हीच. त्रिकोणाची तुलना दुसऱ्या कुणाशी नाही, त्याच्याच उलट वाचलेल्या रूपाशी. रचना लागत नाही, जादा रेघ लागत नाही. 'अबक' आणि 'अकब' यांत फरक आहे आणि नाहीही, हे ज्याला दिसेल त्यालाच ती सुचणार. ज्या मुलाला इतकी वर्षं सगळे सांगत आले, की बाबा रे, अक्षरांचा क्रम सांभाळ, त्याने तो न सांभाळता प्रमेय सोडवलं. मी त्याला पापसबद्दल सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "त्याला गणितात किती पडायचे?"

या मुलांसाठी बोर्डाने सवलती ठेवल्या आहेत, आणि त्या महाराष्ट्रात बऱ्याच आधी आल्या. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना त्या १९९६ पासून मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर विशिष्ट अध्ययन अक्षमता एकवीस प्रकारांत नाव घेऊन आली. जादा वेळ, लेखनिक, आकृतीतून सूट. गणन अक्षमता असेल तर बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घ्यायची सोयही ठेवली गेली. पालक ती सोय ऐकताच सुटकेचा श्वास टाकतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दहावीचं वर्ष ज्याच्या घरात आलं त्यालाच ते कळतं. मात्र माझ्या मनात एक रुखरुख राहते. ज्याला अंकांची भीती आहे त्याच्यासाठी अख्ख्या गणितात सर्वांत सुरक्षित जागा कुठली असेल, तर ती प्रमेयाची सिद्धता. तिथे अंक जवळजवळ नसतातच. सहाचा नऊ करायलाही सहा सापडत नाही. तिथे फक्त 'म्हणून' आणि 'कारण' असतात, आणि हे दोन शब्द मुलांना जन्मजात येतात. गृहपाठ का झाला नाही याचं विवेचन ऐका. पक्ष : काल संध्याकाळी वीज गेली होती. रचना : मावशी आली होती. पुढे एकेक पायरी अशी चढत जाते, की शेवटी वही घरी राहणं अटळ ठरतं.

लेखनिकाची गंमत तर भूमितीच्या पेपरालाच बघावी. नियमाप्रमाणे तो खालच्या इयत्तेचा. म्हणजे ज्याला प्रमेय ठाऊक नाही, अशाच्या हातून प्रमेय लिहून घ्यायचं. सरावाच्या वेळी आमचा मुलगा आकृतीवर बोट ठेवून म्हणाला, "हा कोन त्या कोनाएवढा." समोरच्याने निमूटपणे लिहिलं : हा कोन त्या कोनाएवढा. वाचून दाखवल्यावर दोघेही गप्प. मग सुरू झालं, कुठला हा, कुठला तो? कोन अबक की कोन अकब? मधलं अक्षर शिरोबिंदूचं, बरं का. चार-सहा सरावांत तो असा काही सांगू लागला, की डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही आकृती काढता यावी. बाकीचा वर्ग मात्र अजून 'हा', 'तो', 'इथला' यांवर भागवत होता. सवलत घेणाऱ्याची शिस्तच सर्वांत कडक निघाली.

रशियातल्या लेव्ह पोंत्र्यागिनची गोष्ट मी त्या दोघांना सांगितली. चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. आई शिवणकाम करणारी, गणिताशी तिचा संबंध नव्हता. तिने मुलाला गणिताची पुस्तकं वाचून दाखवली. म्हणतात, की ओळख नसलेल्या चिन्हांना ती दिसतील तशी नावं ठेवायची. मुलगा पुढे विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला, तोही आकारांच्या गणितात. आमच्या लेखनिकाने ही गोष्ट मन लावून ऐकली आणि विचारलं, की त्या आईचं नाव पेपरावर लिहायचे का?

एवढं सगळं करूनही 'सिद्धता म्हणजे काय' हे मला फळ्यावर कधी सांगता आलेलं नाही. ते एकदाच नीट सांगितलं गेलं, ते कडक भाकरीने.

वर्तुळाचा धडा होता. वर्तुळाच्या समांतर नसलेल्या कुठल्याही दोन जीवांचे लंबदुभाजक केंद्रात मिळतात. म्हणजे वर्तुळाचा नुसता तुकडा हाती असला तरी केंद्र शोधता येतं. पुस्तकी उदाहरणात फुटकी बांगडी असते. सोलापुरात बांगडीपेक्षा कडक भाकरी स्वस्त, आणि ती फुटते जास्त चांगली. प्रत्येक बाकावर एक तुकडा दिला. कागदावर ठेवून कड गिरवायची, कडेवर तीन खुणा करायच्या. मग पहिली खूण दुसरीवर आणून घडी, दुसरी तिसरीवर आणून घडी. ज्याला कमी दिसतं त्याच्यासाठी गिरवलेली रेघ टोकदार पेनाने दाबून उठवली होती. त्याने बोटांनी खुणा जुळवल्या, नखाने घड्या पक्क्या केल्या आणि दोन घड्या जिथे छेदतात तिथे बोट टेकलं. सर्वांच्या आधी.

पण शेजारच्या बाकावर भांडण लागलं. त्यांनी चौथी खूण करून तिसरी घडी घातली, ती पहिल्या दोघींच्या छेदातून जाईना. प्रमेय खोटं! कागद माझ्याकडे आला, बाकांवरून हातोहात फिरला. तेव्हा ती प्रमेयं पाठ असलेली मुलगी, पुस्तकाबाहेरचं एक अक्षरही कधी न बोलणारी, हळूच म्हणाली, "ही भाकरी गोलच न्हाई मॅडम. हाताची हाय. गोल असली तरच होतंय."

गोल असली तरच. 'पक्ष' म्हणजे काय ते मी वर्षानुवर्षं समजावत होते. वहीतल्या पहिल्या ओळीत उगाच लिहायची गोष्ट, असं मुलांना वाटायचं. त्या तिरक्या भाकरीने तो पक्ष वर्गात आणून बसवला. एवढं मान्य असेल तर पुढचं सगळं अटळ. एवढंच मान्य नसेल तर काहीच नाही.

तेवढ्यात कुर्रर्र असा आवाज आला. ज्याला बसवत नाही, त्याने दृष्टी कमी असलेल्या मित्राचा तुकडा तोंडात टाकला होता. "नुसतीच खाल्लीय, शेंगाचटणी कुठंय?" वर्ग खो खो हसला. मला वाटलं, आता तो मित्र रडणार. सर्वांत सुबक केंद्र त्याचं आलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "खाऊ दे की. कुठलाबी तुकडा घ्या, गोल असला की असंच होणार."

त्या दोन वाक्यांत चौथी पायरी होती. पट्टीने मोजलेलं या तुकड्यापुरतं खरं, घडीने दिसलेलं या कागदापुरतं खरं. सिद्ध केलेलं मात्र पुरावा पोटात गेल्यावरही खरं राहतं. पट्टी प्रत्येक वेळी का लावायची नाही, या जुन्या प्रश्नाचं हेच उत्तर होतं.

सहकारी कधी कधी विचारतात, प्रत्येकासाठी वेगळी वाट काढायची तर भूमिती पातळ नाही का होत? मला उलटंच वाटतं. वाट कुणाची बोटांतून जाईल, कुणाची काठीतून, कुणाची मित्राच्या अक्षरांतून. आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी, ज्यांना पुढे २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडायची वाट दाखवली, तेव्हा वाचण्याआधी ऐकून शिकणाऱ्यांसाठी आणखी एक दार उघडलं. दारं हवी तितकी उघडा. मात्र आत गेल्यावरची पायरी गाळायची सवलत कुणालाच नाही. प्रमाणपत्र असलेल्याला नाही, बक्षीस मिळालेल्याला नाही, आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या मॅडमलाही नाही.

त्याचे परिणाम मी सध्या भोगते आहे. एकदा 'कशावरून' विचारायची चटक लागली, की वर्ग पूर्वीसारखा राहत नाही. सूचना वाचली तरी कारण द्यावं लागतं. परवा मी घटक चाचणीची आठवण करून दिली आणि सवयीने म्हटलं, "नीट अभ्यास केला, तर पेपर सोपा जाईल."

"मॅडम," पापसवाल्याने हात वर केला, "याचा व्यत्यास खरा असतोय का?"

म्हणजे पेपर सोपा गेला, तर अभ्यास केलेला असतो का? मी उत्तर देणार तोच मागच्या बाकावरचे दोघे आपण होऊन उभे राहिले. व्यत्यास खोटा आहे, असं त्यांनी नम्रपणे जाहीर केलं. उदाहरण म्हणून त्यांनी मागच्या चाचणीतले स्वतःचे गुण सांगितले, आणि कारणाच्या रकान्यात एकमेकांची नावं घातली.